पडद्याची साक्ष

अंतर्गोल आरशापासून प्रतिमा कशी तयार होते, हे शाळांतून आणि महाविद्यालयांच्या पहिल्या वर्षातून ज्या रीतीने दाखविले जाते, ती रीत इतकी रूढ झाली आहे की तिच्याविषयी काही विचारण्यासारखे उरले आहे असे सहसा कोणास वाटत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेच्या दहावीच्या विज्ञानपुस्तकातील कृती हा तिचा चांगला नमुना होय. टेबलावर खडूने समांतर रेघा ओढून ध्रुव, नाभी आणि वक्रताकेंद्र यांच्या जागा निश्चित करावयाच्या; जळती मेणबत्ती प्रथम वक्रताकेंद्राच्या पलीकडे ठेवावयाची आणि मग टप्प्याटप्प्याने आरशाकडे आणावयाची; प्रत्येक वेळी कागदाचा पडदा मागेपुढे सरकवून ज्योतीची रेखीव प्रतिमा मिळवावयाची आणि तिचे स्थान, आकार व स्वरूप कोष्टकात नोंदावयाचे. ज्या स्थितीत पडद्यावर काहीच उमटत नाही, त्या स्थितीत मात्र विद्यार्थ्याने आरशातच डोकावून आभासी प्रतिमा शोधावी, अशी सूचना शेवटी दिलेली आहे.

कृती नेटकी आहे, स्वस्त आहे आणि बहुधा यशस्वी होते. परंतु तिच्यातील एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. संपूर्ण प्रयोगात विद्यार्थ्याच्या डोळ्याला आरशाकडे पाहण्याचे आमंत्रण एकदाच मिळते, आणि तेही पडदा हरल्यावर. तोपर्यंत डोळ्याने पाहावयाचे ते कागदाकडे. प्रतिमा वास्तव आहे की नाही याचा निवाडा पडदा करतो. डोळ्याची साक्ष केवळ आभासी प्रतिमेपुरती मान्य होते. या विभागणीतूनच पुढे ती सर्वपरिचित व्याख्या जन्मास येते : पडद्यावर घेता येते ती वास्तव प्रतिमा, घेता येत नाही ती आभासी.

ही व्याख्या नव्हे, ही कसोटी आहे. लिटमसचा कागद तांबडा होतो म्हणून अम्ल हे अम्ल ठरत नाही. ते अम्ल असते म्हणून कागद तांबडा होतो. तद्वत वस्तूच्या एका बिंदूपासून निघालेले किरण आरशावरून परतून पुन्हा एका बिंदूत प्रत्यक्ष मिळतात म्हणून प्रतिमा वास्तव असते. तेथे पडदा धरला तर ती त्यावर दिसते, न धरला तरी ती तेथे असतेच. पाठ्यपुस्तकेही हे कोठेतरी एका वाक्यात सांगतात. परंतु प्रात्यक्षिकाचा भार सगळा कसोटीवर पडल्यामुळे ते वाक्य विद्यार्थ्याच्या मनात रुजत नाही आणि पडदा काढून घेतला की प्रतिमाही गेली, अशी त्याची समजूत होते. १९८७ साली अमेरिकेत गोल्डबर्ग आणि मॅक्डरमॉट यांनी बहिर्गोल भिंग व अंतर्गोल आरसा यांच्या वास्तव प्रतिमेविषयी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नेमकी हीच समजूत, आणि तीही भौतिकीचा महाविद्यालयीन अभ्यासक्रम पुरा केलेल्या विद्यार्थ्यांत, आढळून आली होती.

पडद्याला हा मान मिळाला कसा, याचे उत्तर प्रकाशशास्त्रात शोधण्यापेक्षा वर्गाच्या रचनेत शोधावे हे बरे. २० सेंटिमीटर नाभीय अंतराचा आणि १० सेंटिमीटर व्यासाचा आरसा घ्यावा. त्याच्यासमोर ३० सेंटिमीटरवर ३ सेंटिमीटर उंचीची ज्योत ठेवावी, आणि ज्योतच दृष्टीच्या आड येऊ नये एवढ्यापुरता आरसा किंचित तिरपा करावा. प्रतिमा आरशापासून ६० सेंटिमीटरवर, उलटी आणि ६ सेंटिमीटर उंचीची पडेल. पडदा दूर करून एखादा विद्यार्थी प्रतिमेच्या मागे २५ सेंटिमीटरवर, म्हणजे आरशापासून ८५ सेंटिमीटरवर, डोळा नेऊन आरशाकडे पाहू लागला, तर त्याला उलटी ज्योत हवेत अधांतरी दिसते. मात्र ती सबंध दिसत नाही. डोळ्यापासून प्रतिमेच्या एखाद्या बिंदूतून जाणारी रेषा पुढे वाढविली असता ती आरशावर पडली पाहिजे; आरशाबाहेर गेली तर त्या बिंदूचा प्रकाश त्या डोळ्यात शिरणे शक्य नाही. साधे त्रैराशिक मांडले तर या जागेवरून ६ सेंटिमीटरपैकी मधला सुमारे ३ सेंटिमीटरचा भाग तेवढा दिसतो असे निघते. आरसा येथे खिडकीचे काम करतो, आणि खिडकी लहान असते.

तोच विद्यार्थी ३ मीटर दूर गेला तर त्याला सगळी ज्योत दिसेल. परंतु तेथेही प्रतिमा दिसू शकेल असा पट्टा जेमतेम ४० सेंटिमीटर रुंदीचा आहे. त्याच्या शेजारी बाकावर बसलेल्या मुलाला रिकामा आरसा दिसेल. चाळीस मुलांच्या वर्गात ही प्रतिमा एका वेळी एकाच्याच वाट्याला येते. पडदा नेमकी ही अडचण दूर करतो. कागदावर येऊन पडलेला प्रकाश कागदाच्या खडबडीत पृष्ठामुळे चहूकडे विखुरतो, आणि मग खोलीच्या कोणत्याही कोपऱ्यातून ज्योत दिसू लागते. पडदा प्रतिमा निर्माण करीत नाही. तो तिचे वाटप करतो. हे काम मोलाचे आहे आणि त्याबद्दल पडद्याला दोष देण्याचे कारण नाही. दोष एवढाच की वर्गाच्या सोयीसाठी आणलेली वस्तू प्रतिमेच्या स्वरूपाची साक्षीदार होऊन बसली.

या साक्षीवर किती विसंबून राहावे, याचा निर्णय अर्धा आरसा झाकण्याच्या प्रसिद्ध प्रश्नावरून होऊ शकतो. आरशाचा खालचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकला तर प्रतिमेचे काय होईल, असे विचारले असता बरेच विद्यार्थी अर्धी प्रतिमा नाहीशी होईल असे सांगतात. शिक्षक त्यांना चूक दाखवून देतात : ज्योतीच्या प्रत्येक बिंदूपासून निघालेले किरण आरशाच्या सर्व भागांवर पडतात, म्हणून उरलेला अर्धा आरसाही सबंध प्रतिमा तयार करतो, ती फक्त मंद होते. पडद्यावर हे तंतोतंत खरे ठरते. आता पडदा काढावा आणि वर सांगितल्याप्रमाणे ८५ सेंटिमीटरवरून पाहावे. दिसणाऱ्या प्रतिमेचा खालचा अर्धा भाग खरोखरच गेलेला असतो! डोळा थोडा खाली नेला की तो पुन्हा दिसू लागतो, कारण आता त्या बिंदूंतून जाणाऱ्या रेषा आरशाच्या उघड्या भागावर पोहोचतात. प्रतिमा हवेत सबंधच होती. एका जागी असलेल्या डोळ्याला तिचा अर्धा भाग मिळत नव्हता, इतकेच.

म्हणजे ज्या विद्यार्थ्याने घरी आरसा झाकून स्वतः डोळ्याने पाहिले आणि अर्धी प्रतिमा गेली असे लिहिले, त्याचे निरीक्षण खरे आहे. आणि ज्याने पाहिले नाही पण पुस्तकातील उत्तर लिहिले, त्याला गुण मिळतात. हा प्रश्न शिक्षणशास्त्रीय चर्चेत अनेकदा येतो, आणि तो येतो तो बहुशः पडदा गृहीत धरूनच. गैरसमज दूर करण्यासाठी योजलेला उपाय स्वतःच एका अटीवर उभा आहे, आणि ती अट विद्यार्थ्याला सांगितली जात नाही. पडदा असता काय आणि नसता काय, असे दोन भाग केल्याशिवाय या प्रश्नाला एकच बरोबर उत्तर नाही.

दुसरे उदाहरण याहून घरगुती आहे. दाढीसाठी वापरतात तो मोठे दाखविणारा आरसा अंतर्गोल असतो. त्याचे नाभीय अंतर वरीलप्रमाणेच २० सेंटिमीटर आहे असे समजू. कोष्टक सांगते की वस्तू नाभीच्या आत असेपर्यंत प्रतिमा सुलटी, नाभी ओलांडली की उलटी. यावरून कोणीही असा तर्क करील की आरशाला चेहरा चिकटवून हळूहळू मागे सरकले असता २० सेंटिमीटरवर चेहरा उलटा व्हावा. प्रत्यक्षात तसे होत नाही. २० सेंटिमीटर ओलांडल्यावरही चेहरा सुलटाच राहतो. तो फुगत जातो, पुसट होत जातो, आणि ४० सेंटिमीटरच्या सुमारास सगळा आरसा एका ओळख न पटणाऱ्या धूसर डागाने भरून जातो. त्यापलीकडे गेल्यावर मग उलटा चेहरा दिसू लागतो. बदल घडतो तो वक्रताकेंद्रापाशी, नाभीपाशी नव्हे.

कारण अवघड नाही. चेहरा ३० सेंटिमीटरवर असताना त्याची वास्तव, उलटी प्रतिमा ६० सेंटिमीटरवर, म्हणजे पाहणाऱ्याच्या डोक्यामागे ३० सेंटिमीटरवर व्हावयाची असते. किरण तेथे मिळण्यापूर्वीच वाटेत डोळा आडवा येतो. डोळ्यात शिरणारे किरण एकमेकांपासून दूर जाणारे नसून एकत्र येत चाललेले असतात, आणि निरोगी डोळ्याच्या भिंगाला असे किरण दृष्टिपटलावर नीट जुळविता येत नाहीत. ते पटलाच्या अलीकडेच मिळून जातात. म्हणून दृश्य पुसट. (ज्याची दृष्टी दूरदृष्टितेच्या दोषाने अधू आहे, त्याला चष्मा काढल्यावर हेच दृश्य अधिक स्पष्ट दिसते, वर्गात असा एखादा विद्यार्थी असल्यास त्याने केलेले वर्णन इतरांपेक्षा वेगळे येईल.) कोष्टकाने सांगितलेले काहीही खोटे नाही. प्रतिमा नाभीच्या पलीकडे उलटी झालेली आहेच. मात्र ती पाहणाऱ्याच्या पाठीमागे आहे आणि पाठीमागची गोष्ट कोणी पाहू शकत नाही. कोष्टकात डोळ्याच्या जागेसाठी रकाना नाही, एवढीच उणीव; परंतु त्या एका रकान्याअभावी सर्वांना परिचित असा घरातील अनुभव पुस्तकाशी विसंगत ठरतो.

या स्थितीने एकेकाळी मोठमोठ्यांना बुचकळ्यात टाकले होते. केंब्रिजचे गणिताचे प्राध्यापक आयझॅक बॅरो यांनी १६६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रकाशविषयक व्याख्यानांच्या अखेरीस ही अडचण स्वतःहून मांडली आहे. किरण जितके कमी विखुरलेले तितकी वस्तू दूर भासते, असा त्यांचा सिद्धान्त. मग एकत्र येत चाललेले किरण डोळ्यात शिरले तर वस्तू अनंताहूनही पलीकडे भासावयास हवी, आणि भासते तर जवळ. या एका अडचणीपायी युक्तिसिद्ध तत्त्वे सोडण्यास बॅरो तयार नव्हते, पण ती झाकून ठेवण्यासही तयार नव्हते. पुढे १७०९ मध्ये जॉर्ज बर्कली यांनी आपल्या दृष्टिविषयक ग्रंथात हीच अडचण उचलून धरली आणि अंतराचे ज्ञान किरणांच्या भूमितीवरून होते हे मतच त्यांनी अमान्य केले. धूसरपणा आणि पूर्वानुभव यांच्या साहचर्यातून मन अंतर ठरविते, असे त्यांचे प्रतिपादन. बर्कलींचे तत्त्वज्ञान सर्वांना पटो अथवा न पटो, आरशात दिसणे ही क्रिया आरशापाशी संपत नाही हा त्यांचा मुद्दा बिनतोड आहे. दाढीच्या आरशात जो प्रश्न रोज सकाळी उभा राहतो, तो सतराव्या शतकातील ग्रंथकाराला लपवावासा वाटला नाही. आजचे पुस्तक त्याचा उल्लेखही करीत नाही.

त्याही आधी, १६०४ मध्ये, योहान्नेस केप्लर यांनी या सर्व गोंधळावर तोड काढलेली होती. कागदावर किंवा डोळ्याच्या पटलावर प्रकाश प्रत्यक्ष जुळून जे उमटते त्याला त्यांनी ‘पिक्तुरा’ म्हणजे चित्र म्हटले, आणि पाहणाऱ्याला एखाद्या जागी वस्तू आहे असे जे वाटते त्याला ‘इमागो’ म्हटले. त्यांच्या पूर्वीच्या प्रकाशशास्त्रात, टॉलेमीपासून पुढे, प्रतिमेची जागा ठरवावयाची ती दृष्टिरेषेच्या आधारे. म्हणजे पाहणाऱ्याचा डोळा त्या शास्त्रात सदैव हजर असे. आधुनिक भूमितीय प्रकाशशास्त्राने डोळा बाजूला सारून बिंदूला बिंदू जोडण्याची रीत स्वीकारली आणि त्यातून अलोट लाभ झाला. परंतु केप्लर यांनी डोळा वगळला नव्हता. डोळा हाही एक पडदा आहे, हे दाखवून त्यांनी त्याला किरणांच्या व्यवस्थेतच जागा दिली होती. वर्गापर्यंत पोहोचेपर्यंत हा अर्धा भाग गळून पडला.

मराठीत या भेदासाठी शब्दांची वाण नव्हती. पाण्यात किंवा आरशात दिसते ते प्रतिबिंब आणि कागदावर उमटते ते चित्र, हा फरक बोलीतही आहे. पाण्यातल्या चंद्राला कोणी चित्र म्हणत नाही आणि पडद्यावरील आकृतीला कोणी प्रतिबिंब म्हणत नाही. परिभाषा घडविताना दोहोंसाठी ‘प्रतिमा’ हा एकच शब्द ठरला, आणि भेद दर्शविण्याचे काम ‘वास्तव’ व ‘आभासी’ या विशेषणांवर सोपविले गेले. ‘आभासी’ या विशेषणाचा भार मोठा आहे. मृगजळाच्या आणि रज्जुसर्पाच्या परंपरेतून आलेला हा शब्द ऐकताच विद्यार्थ्याला वाटते की येथे काहीतरी फसवणूक आहे. वस्तुतः आरशामागे भासणाऱ्या मोठ्या चेहऱ्याचे छायाचित्र घेता येते. कॅमेऱ्याच्या भिंगाने त्या किरणांची वास्तव प्रतिमा केलेली असते, जशी डोळ्याचे भिंग दृष्टिपटलावर करते. आभासी म्हटलेली प्रतिमाही कोठे ना कोठे पडद्यावर पडूनच दिसते. फरक आहे तो किरण कोठे मिळतात याचा. रूढ संज्ञा आता बदलणे शक्य नाही आणि बदलण्याचा आग्रहही व्यर्थ. पण शिकविताना प्रतिबिंब आणि चित्र हे दोन जुने शब्द तोंडी ठेवण्यास कोणतीही परिभाषा-समिती आड येणार नाही.

फळ्यावरील किरणाकृतीविषयी थोडक्यात. दोन किरण काढून त्यांचा छेद घेणे ही रेखाटनाची सोय आहे. दोनच किरण निघतात असे नव्हे, हे सर्व जाणतात. अधिक नुकसान दुसऱ्याच गोष्टीने होते. आकृती सुबक दिसावी म्हणून आरशाचा कंस भलताच मोठा काढला जातो. १० सेंटिमीटर त्रिज्येचा कंस कंपासने काढून अक्षापासून ५ सेंटिमीटर उंचीवर समांतर किरण घेतला आणि परावर्तनाचा नियम कोनमापकाने पाळला, तर तो अक्षाला ध्रुवापासून ५ सेंटिमीटरवर न छेदता सुमारे ४.२ सेंटिमीटरवर छेदतो. प्रामाणिक विद्यार्थ्याला नाभी सापडत नाही, आणि तो आपलीच चूक समजून रेघ वाकवितो. याउलट प्रयोगातील ४० सेंटिमीटर त्रिज्येच्या आरशाच्या कडेवरील समांतर किरण नाभीपासून दीड मिलिमीटरच्या आसपासच चुकतो. येथे आरसा निर्दोष आहे आणि आकृती सदोष. धातूच्या पेल्यात अर्धवट भरलेल्या दुधावर दूरच्या दिव्याचा तिरपा प्रकाश पडला म्हणजे पेल्याच्या आतल्या भिंतीवरून परतलेले किरण दुधावर एक टोकदार तेजस्वी रेषा रेखतात. पुस्तकातील नाभी म्हणजे या रेषेचे केवळ टोक. हे एकदा दाखविले की लहान कंस का घ्यावा, हे वेगळे सांगावे लागत नाही.

डोळ्याला प्रवेश देण्यात वेळ जातो, प्रत्येक विद्यार्थ्याला पाळीपाळीने उभे करावे लागते आणि परीक्षेत याला गुण नाहीत, हे आक्षेप खरे आहेत. त्यांतला पहिला तर आरशाच्या लहान खिडकीतूनच उद्भवतो आणि तो कोणत्याही युक्तीने टळणारा नाही. तथापि डोळ्याने वास्तव प्रतिमा पाहण्याचा प्रयोग प्रयोगशाळांत मुळीच होत नाही असे नाही. वक्रताकेंद्रापाशी उभी टाचणी धरून तिचे टोक तिच्या उलट्या प्रतिमेच्या टोकाशी भिडविणे आणि डोके डावीउजवीकडे हलवून पराशय नाहीसा झाल्याची खात्री करून घेणे, हा अंतर्गोल आरशाचे नाभीय अंतर काढण्याचा जुना प्रयोग. त्यात पडदा नसतो. टाचणी आणि प्रतिमा एकत्र हलतात की वेगवेगळ्या, एवढ्यावरून प्रतिमेची जागा मिलिमीटरपर्यंत ठरविली जाते. दुर्दैव असे की हा प्रयोग मापनाचा म्हणून करविला जातो. वास्तव प्रतिमा हवेत उभी असते याचा पुरावा म्हणून त्याकडे कोणी बोट दाखवीत नाही. १६६८ मध्ये आयझॅक न्यूटन यांनी धातूच्या अंतर्गोल आरशाची जी दुर्बीण बनविली, तिच्यातही आरशाने केलेली प्रतिमा कोणत्याही पडद्यावर न घेता नेत्रिकेतून सरळ पाहावयाची होती. पडद्याची बाजूही न्यायाने सांगितली पाहिजे : जुन्नरजवळ गिरवली येथे २००६ पासून असलेल्या २ मीटर व्यासाच्या दुर्बिणीसारख्या साधनांत डोळ्याची जागा शोधक उपकरणाने घेतली आहे, आणि मंद तारकांच्या बाबतीत डोळा त्याची बरोबरी करू शकत नाही.

मेणबत्तीच्या प्रयोगाला टाचणीच्या प्रयोगाची जोड देण्यास नवे साहित्य लागत नाही. पडद्यावर ज्योत रेखीव मिळाली की पडद्याच्या जागी, त्याच रेघेवर, टाचणी उभी करावी आणि पडदा काढून टाकावा. विद्यार्थ्याने टाचणीच्या मागे हातभर अंतरावर उभे राहून डोके हलवावे. उलटी ज्योत आणि टाचणी एकमेकांना न सोडता हलताना दिसली म्हणजे जागा तीच आहे हे कळते. मग अर्धा आरसा झाकावा, डोळा खाली न्यावा, वर न्यावा, आणि अखेर टाचणी ओलांडून आरशाकडे पुढे यावे. उलटी ज्योत फुगत फुगत सगळ्या आरशात पसरते आणि दुसऱ्या बाजूने सुलटी, पुसट, अवाढव्य होऊन दिसू लागते. या वेळी मेणबत्ती जागची हललेली नसते, म्हणून कोष्टकात नोंद करावयाची झाल्यास ती कोणत्या रकान्यात करावी, असा प्रश्न कोणीतरी विचारल्याशिवाय राहत नाही.